चेनला ऑईल की वॅक्स? ट्रेनिंगचं वेगळं, रेसचं वेगळं

चेन ल्युबवरून (चेनला लावायचं वंगण, ऑईल किंवा वॅक्स) रोड सायकलिस्ट लोकांत भरपूर वाद होतात, पण ते ल्युब नेमकं कुठे लागतं याचा विचार फार थोडे जण करतात. चेनचा बाहेरचा भाग चमकतोय की काळा पडलाय याचा घर्षणाशी जवळजवळ संबंध नाही. खरं काम आत चालतं. प्रत्येक कडीत एक पिन असते, तिच्यावर आतल्या प्लेटची कॉलर फिरते, कॉलरवर रोलर फिरतो, आणि घर्षण होतं ते या तिघांच्या मधल्या जागेत, जी चेन जोडलेली असताना आपल्याला दिसतच नाही.

तिथे काय चालतं ते आकड्यात बघू. पुढे 50 दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक), केडन्स 90 (मिनिटाला पेडलचे 90 फेरे), म्हणजे मिनिटाला 4500 कड्या चेनरिंगवर चढतात आणि उतरतात. 250 वॅट लावत असाल तर चेनच्या वरच्या भागावर सरासरी 26-27 किलोचा ताण येतो, पेडल जोरात दाबल्याच्या क्षणी त्याहून बराच जास्त. कडी चेनरिंगवर चढताना 7 अंशांनी वाकते, पण मागे 11 दातांच्या कॉगवर (मागच्या चाकावरचं दातेरी चक्र) तीच कडी जवळजवळ 33 अंशांनी वाकते, म्हणून छोट्या कॉगवर पॉवर जास्त वाया जाते आणि हे कुठलंही ल्युब लावलं तरी बदलत नाही.

आता इंजिनातलं बेअरिंग इतक्या वेगाने फिरतं की ऑईलचा थर स्वतःच दाब पेलतो आणि धातूला धातू लागत नाही. चेनमध्ये असं होऊच शकत नाही, कारण पिन जराशी फिरते, थांबते, परत उलटी फिरते, आणि दाब प्रचंड असतो, त्यामुळे थर धरायला वेळच मिळत नाही आणि पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना घासतात. याला बाउंडरी ल्युब्रिकेशन म्हणतात. म्हणूनच ‘जाड ऑईल म्हणजे जास्त संरक्षण’ हा हिशोब इथे चालत नाही. इथे उपयोगी पडतो तो धातूला चिकटून राहणारा आणि सहज घसरणारा पदार्थ, मग तो ऑईलमधला ॲडिटिव्ह असो, पॅराफिन वॅक्स असो किंवा वॅक्समध्ये मिसळलेली टंगस्टन डायसल्फाइडसारखी पावडर असो.

1999 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या टीमने चेनची कार्यक्षमता मोजली होती. सगळ्यात चांगल्या स्थितीत ती 98.6 टक्के निघाली, आणि गंमत म्हणजे ल्युब बदलून फारसा फरक दिसला नाही, कॉगचा आकार आणि चेनवरचा ताण यांनीच फरक पडला. मग ल्युबवर एवढा जीव का टाकायचा? कारण ती चेन लॅबमध्ये स्वच्छ होती, रस्त्यावरची नव्हती. शिवाय नंतरच्या जास्त बारीक मोजमापांत चांगल्या आणि वाईट ल्युबमध्ये काही वॅटचा फरक दिसलाच.

रस्त्यावर खरा शत्रू धूळ आहे. ओलं ऑईल धुळीला धरून ठेवतं, पिन आणि कॉलर यांच्या हालचालीने ती आत ओढली जाते आणि मग ल्युबच पॉलिश पेपरसारखं काम करायला लागतं. चेन ‘ताणली’ म्हणतात तेव्हा प्लेटा लांब झालेल्या नसतात, आत पिन आणि कॉलर झिजलेल्या असतात. कडीची लांबी 12.7 मिलिमीटर, त्यामुळे 0.5 टक्के झीज म्हणजे प्रत्येक कडीमागे फक्त 0.06 मिलिमीटर, पण तेवढ्यावर 11 किंवा 12 स्पीडची (मागे तेवढे कॉग असलेली) चेन बदलायची वेळ येते, नाहीतर ती महागडी कॅसेटही, म्हणजे मागच्या कॉगचा संचही, सोबत झिजवते.

म्हणून माझं स्पष्ट मत गरम वॅक्सच्या बाजूने आहे. गार झालं की ते घट्ट आणि कोरडं असतं, धूळ बाहेरच्या बाहेर गळून पडते. मेहनत फक्त पहिल्यांदा, कारण फॅक्टरीचं ग्रीस पूर्ण काढावं लागतं, आधी मिनरल टर्पेंटाइनने आणि शेवटी अल्कोहोलने, नाहीतर वॅक्स धातूला धरत नाही. मग वॅक्स मंद उष्णतेवर वितळवायचं (थेट आचेवर अजिबात नको, पेट घेऊ शकतं), चेन त्यात हलवत राहायची, बुडबुडे थांबले की बाहेर काढून लटकवायची. गार झाल्यावर चेन काठीसारखी कडक होते, प्रत्येक कडी हाताने वाकवून सुटी करा. कोरड्या रस्त्यावर साधारण 300 किलोमीटरला फक्त वॅक्सचं काम परत करायचं.

एवढं रोजच्या ट्रेनिंगला जमत नसेल तर बाटलीतलं थेंबाचं वॅक्स घ्या, फक्त ते रात्रभर वाळू द्या, लावून लगेच निघालात तर उपयोग नाही. ऑईलच वापरायचं असेल तर पातळ घ्या, प्रत्येक रोलरवर एकच थेंब, थोडा वेळ पेडल फिरवा आणि मग बाहेरचं सगळं पुसून टाका, अगदी कोरडं होईपर्यंत. हे पुसणं बहुतेक जण टाळतात आणि चेन तिथेच मरते. गंज सोडवायचा स्प्रे मात्र ल्युब म्हणून नको, तो फार पातळ असतो, टिकत नाही. इनडोअर ट्रेनरवर धूळच नसते, तिथे काहीही चालतं.

रेसचं गणित वेगळं. 250 वॅटमधले 5 वॅट वाचले तर ते 2 टक्के, पण हवेचा रोध वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो म्हणून वेगात फरक पाऊण टक्क्याहून कमीच. तरी तासाभराच्या टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची रेस) वीसेक सेकंद होतात आणि तेवढ्यावर निकाल फिरतात. ताजं वॅक्स केलेली चेन रेसच्या आधी थोडी चालवून घ्या, म्हणजे जास्तीचं वॅक्स झडून जाईल. चार-पाच तासांची रेस आणि पूर्ण वेळ पाऊस दिसत असेल तर तेवढ्यापुरतं जाड वेट ल्युब (पावसासाठीचं चिकट ऑईल) घ्या, कारण पाण्यात वॅक्स लवकर निघून जातं, आणि वॅक्सवाली चेन भिजलीच तर त्याच दिवशी पुसून, वाळवून परत वॅक्समध्ये बुडवा, सकाळपर्यंत ठेवली तर गंज धरतो.