चिंता

जे अजून घडलेले नाही पण घडेल असे वाटते, त्याच्या धास्तीने मन आणि शरीर दोन्ही ताणले जाणे म्हणजे चिंता. भीतीशी तिचे जवळचे नाते आहे. मात्र भीतीला समोर काहीतरी असते, उदाहरणार्थ अंगावर धावून आलेला कुत्रा. कुत्रा गेला की भीती ओसरते. चिंतेतला धोका उद्यात असतो, त्यामुळे तो टळला असे ठामपणे कधीच म्हणता येत नाही. तिचा चिवटपणा बराचसा यातूनच येतो.

थोडी चिंता कामाची असते. तिच्यामुळे माणूस वेळेवर तयारीला लागतो. यर्कीज आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत अवघड काम मध्यम ताणाखाली लवकर शिकले गेले; ताण त्यापुढे वाढला तसे शिकणे मंदावले.

धोक्याची चाहूल लागताच शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते. अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते, छाती धडधडते, रक्त स्नायूंकडे वळते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून हात गार पडतात. पचन मागे पडते म्हणून तोंडाला कोरड पडते आणि पोटात गोळा येतो. सगळ्यांत जास्त घाबरवतो तो श्वास. तो जलद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते, बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. माणसाला वाटते हवा पुरत नाही, म्हणून तो आणखी जोराने श्वास ओढतो आणि त्रास वाढवून घेतो. ‘खोल श्वास घे’ हा सल्ला इथे अनेकदा उलटतो. लांबवायचा असतो तो उच्छ्वास : नाकाने चार अंक मोजत सावकाश श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा, असे पाच मिनिटे. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. छाती फुगवू नये, पोट हलले पाहिजे. घबराटीचा झटका, म्हणजे पॅनिक अटॅक, बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो. मात्र छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, किंवा कळ हातात वा जबड्यात जात असेल, तर तो घबराटीचाच झटका आहे असे घरी ठरवू नये. लगेच रुग्णालय गाठावे.

रोजच्या जगण्यात चिंता अशी उघडपणे क्वचितच दिसते. घरच्या माणसाने दोनदा फोन उचलला नाही की ‘गाडी चालवत असेल’ इथून ‘अपघात झाला असेल’ इथपर्यंत मन काही क्षणांत पोहोचते. जे फक्त शक्य आहे ते जवळजवळ नक्की वाटू लागते. दिवसभर कामात दबलेले विचार अंथरुणाला पाठ टेकताच डोके वर काढतात. मान आखडते, जबडा आवळलेला राहतो, वाचलेले ओळीगणिक निसटते. घरातल्यांना यातली फक्त चिडचिड दिसते, आणि तिला स्वभाव म्हणून मोकळे होतात. चिंताग्रस्त माणसावर होणारा हा मोठाच अन्याय आहे.

चिंता टिकते ती मुख्यतः तिच्यापासून मिळणाऱ्या सुटकेमुळे. बैठकीत बोलायची धास्ती वाटली, आजारी असल्याचे कळवले, त्या क्षणी जीव भांड्यात पडला. मेंदू त्यातून शिकतो ते एवढेच की टाळले म्हणून वाचलो. पुढची बैठक आणखी अवघड होते. टाळणे नेहमी ओळखू येतेच असे नाही. कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणे, लक्षणे इंटरनेटवर शोधणे, ‘काही होणार नाही ना?’ असे जवळच्यांना विचारत राहणे, हीसुद्धा त्याचीच रूपे. दिलासा मिळतो, पण थोड्याच वेळात प्रश्न परत येतो.

म्हणून बोधात्मक वर्तनोपचारात, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात (सीबीटी), टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीने सामोरे जायला शिकवतात. टाळत असलेल्या प्रसंगांना धास्तीनुसार ० ते १०० गुण देऊन उतरंड लावतात आणि ३०–४० गुणांच्या पायरीपासून सुरुवात करतात. आधी लिहायचे : नेमके काय होईल असे वाटते? नंतर लिहायचे : काय झाले? फसते ते सहसा असे : धास्ती ऐन भरात असताना माणूस निघून येतो, पहिलीच पायरी फार उंच निवडतो, किंवा सोबत कुणीतरी असेल तरच जातो. महिन्यातून एकदा केलेल्या सरावाचा फारसा उपयोग होत नाही. आठवड्यात अनेकदा करावा लागतो. भरकटणाऱ्या काळज्यांसाठी दिवसातली वीस-तीस मिनिटे राखून ठेवतात, पण झोपेच्या तोंडावर नव्हे. एरवी काळजी आली की एका ओळीत टिपून पुढे ढकलायची. ठरल्या वेळी यादी वाचताना आपल्या हातातल्या गोष्टींसाठी पुढचे पाऊल ठरवायचे. बाकीच्या तशाच सोडायच्या.

अनेक गोष्टींबद्दलची आवरता न येणारी चिंता किमान सहा महिने, बहुतेक दिवस राहिली आणि झोप, काम, नाती बिघडू लागली, तर सार्वत्रिक चिंताविकाराचा विचार होतो. चाळणीसाठी जीएडी-७ ही सात प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. मागच्या दोन आठवड्यांविषयीच्या प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण जास्तीत जास्त २१ गुण. चिंता ५, १० आणि १५ गुणांपासून अनुक्रमे सौम्य, मध्यम आणि तीव्र धरतात. १० किंवा अधिक गुण म्हणजे निदान नव्हे, तज्ज्ञाकडे जाण्याचे कारण. थायरॉइड ग्रंथीचा वाढलेला स्राव आणि जास्त कॉफी हुबेहूब अशीच लक्षणे देतात, म्हणून ते आधी तपासले जाते.

औषधांत एसएसआरआय (मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या) गटातल्या गोळ्या पहिल्या पसंतीच्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण नेमक्या याच टप्प्यावर गोळी सोडतो. बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या तासाभरात शांत करतात, पण सवय लावतात, म्हणून त्या थोड्या काळापुरत्याच देतात. दोन्ही प्रकार डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत थांबवावे लागतात. दारूनेही तात्पुरते सैल वाटते. तिचा अंमल उतरताना चिंता पहिल्यापेक्षा जास्त उसळते आणि झोपही मोडते.