सिद्ध झालेला उपचार अडतो कुठे?

हजार बाळांमागे साधारण एक बाळ वाकडे पाऊल घेऊन जन्माला येते. पंजा आत वळलेला असतो आणि टाच वर खेचलेली असते. या व्यंगाला क्लबफूट म्हणतात. मूळचे स्पेनच्या मिनोर्का बेटावरचे डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 1940च्या दशकाच्या अखेरीस मोठी शस्त्रक्रिया टाळणारी एक पद्धत बसवायला घेतली. दर आठवड्याला बाळाचे पाऊल हाताने थोडे थोडे बाहेर वळवायचे आणि तिथेच प्लास्टर घालायचे. अशी पाच-सहा प्लास्टरे झाली की बहुतेक बाळांच्या टाचेमागची ताठ शीर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) एका बारीक छेदाने मोकळी करायची. त्यानंतर एका आडव्या दांडीला जोडलेले खास बूट घालायचे, पहिले तीन महिने दिवसातले 23 तास आणि मग चौथ्या वर्षापर्यंत फक्त झोपेत. सगळी मेख डॉक्टरांच्या अंगठ्यात आहे. घोट्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला टॅलस या हाडाचे टोक हाताला लागते. आधार तिथे द्यायचा आणि बाकीचे पाऊल त्याभोवती फिरवायचे. त्या काळच्या रूढ पद्धतीत अंगठा जरा पुढे, पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडायचा. त्यामुळे टाच अडकून बसायची आणि महिनोन्‌महिने प्लास्टर घालूनही पाऊल पुरते सरळ होत नसे.

पोन्सेटींचा पहिला शोधनिबंध 1963 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढची तीसेक वर्षे त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. बाकीचे शल्यचिकित्सक पाऊल उघडून सांधे आणि शिरा सोडवण्याच्या मोठ्या शस्त्रक्रिया करत राहिले. 1995 मध्ये पोन्सेटींच्या जुन्या रुग्णांची तीस वर्षांनंतरची स्थिती छापून आली आणि ती बहुतेकांच्या बाबतीत चांगली होती. तरीही खरी चक्रे फिरली ती पालकांमुळे. 1990च्या दशकाच्या शेवटी इंटरनेटवर एकमेकांना सापडलेले आईबाप मुलांच्या पावलांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवू लागले आणि बाळांना घेऊन आयोवाला पोहोचू लागले. आज ही पद्धत जगभर पहिला उपचार मानली जाते. युगांडा आणि मलावीत तर शल्यचिकित्सक नसलेले, खास प्रशिक्षण घेतलेले वैद्यकीय कर्मचारीही ही प्लास्टरे घालतात.

एवढा उशीर का झाला? पुरावा कमी होता, हे उत्तर अर्धेच आहे. एव्हरेट रॉजर्स या समाजशास्त्रज्ञाने 1962 मध्ये नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात यावर सिद्धांत मांडला. नवी गोष्ट आधीच्यापेक्षा सरस आहे का, चालू रीतीत बसते का, फार किचकट आहे का, थोडी वापरून बघता येते का आणि तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो का, हे त्यातले प्रश्न. पोन्सेटी पद्धत पहिल्या कसोटीला उतरत होती, पण दुसरीला अडत होती. शस्त्रक्रिया हीच ज्यांची ओळख आणि कमाई, त्यांना ती दर आठवड्याला प्लास्टर घालायला बसवत होती. शेवटच्या कसोटीवर ती बाजी मारू शकली असती, पण पालकांनी फोटो दाखवेपर्यंत तिचा परिणाम आयोवाबाहेर फारसा कुणी पाहिलाच नव्हता.

सिद्ध झालेली गोष्ट रोजच्या कामात कशी रुजते किंवा का रुजत नाही, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला अंमलबजावणी शास्त्र म्हणतात. या शाखेत एक आकडा सारखा कानावर येतो. वैद्यकीय संशोधनापैकी 14 टक्के रुग्णांपर्यंत पोहोचते आणि त्यालाही 17 वर्षे लागतात. 2000 सालचा हा हिशेब अनेक टप्प्यांचे अंदाज एकावर एक रचून केलेला आहे, त्यामुळे तो तंतोतंत धरू नये. उशीर मात्र खरा आहे, आणि हाडे-सांधे-स्नायूंच्या दुखण्यांत तो फार महागात पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे 171 कोटी लोकांना या ना त्या स्वरूपात ही दुखणी आहेत, आणि माणसाला अपंगत्व आणणाऱ्या कारणांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो.

उशिरावरचा नेहमीचा इलाज म्हणजे एक परिसंवाद घ्यायचा, मार्गदर्शक तत्त्वांची पुस्तिका वाटायची आणि भिंतीवर तक्ता लावायचा. हा आळशी इलाज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉक्टरांना माहिती नाही म्हणून ते करत नाहीत, असे त्यात गृहीत धरलेले असते. अडचण माहितीची नसेल तर कितीही पुस्तिका वाटल्या तरी काही बदलत नाही.

गुडघ्याच्या झिजेचे उदाहरण घ्या. शिक्षण, व्यायाम आणि गरज असेल तर वजन कमी करणे हा पहिला उपचार, यावर जवळपास सगळी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे एकमुखाने बोलतात. तरी गुडघा धरून आलेला रुग्ण बहुतेकदा एक्स-रे आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन परततो. सुसान मिची आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एक साधी मांडणी सुचवली. कोणतेही वर्तन घडायला क्षमता, संधी आणि प्रेरणा या तीन गोष्टी लागतात. त्या चष्म्यातून ओपीडीकडे पाहू. ‘व्यायाम करा’ एवढे डॉक्टरांना माहीत असते, पण कोणता, किती आणि करताना दुखले तर काय, हे सांगता येत नाही. ही क्षमतेची उणीव. बाहेर रांग आहे, हाताशी मिनिटे मोजकी आहेत, आणि व्यायाम शिकवणाऱ्या माणसाकडे पाठवायचे तर तशी सोयच नाही. ही संधीची. रुग्ण तपासणी किंवा इंजेक्शनच्या अपेक्षेने आलाय, नुसत्या सल्ल्यावर नाराज होईल, असे डॉक्टरांना वाटते. शिवाय चालल्याने सांधा आणखी झिजेल ही भीती रुग्णाच्या मनात असतेच, क्वचित डॉक्टरांच्याही. ही प्रेरणेची. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. परिसंवादाने यातली जेमतेम पहिली उणीव भरून निघते.

डेन्मार्कमध्ये इवा रूस आणि सोरेन स्कोऊ यांनी 2013 मध्ये सुरू केलेला ‘ग्लॅड’ हा कार्यक्रम बघितला की दुसरी बाजू कळते. त्यांनी नवा व्यायाम शोधला नाही. जे आधीच सिद्ध होते ते उचलून देण्याजोगे केले. फिजिओथेरपिस्टला दोन दिवसांचे प्रशिक्षण, रुग्णाला माहितीचे दोन वर्ग आणि मग सहा आठवड्यांत देखरेखीखाली व्यायामाची बारा सत्रे. वेदनेचा नियमही ठरलेला. शून्य ते दहाच्या पट्टीवर पाचपर्यंत दुखले तर चालेल, मात्र ते 24 तासांत पूर्वीच्या पातळीला यायला हवे. हा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण ‘दुखतंय म्हणजे बिघडतंय’ या भीतीची तो हवाच काढून घेतो. आता दुखले की थांबायचे की चालू ठेवायचे, हे रुग्ण स्वतःच ठरवू शकतो. प्रत्येकाची नोंद सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि वर्षाने एका नोंदवहीत होते. कॅनडा, ऑस्ट्रेलियासह इतर देशांत हा कार्यक्रम गेला तेव्हा भाषा, शुल्काची पद्धत, वर्गाची जागा असे बरेच काही बदलले. प्रशिक्षण, सत्रे आणि नोंदवही हा गाभा मात्र तसाच ठेवला. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे आधी ठरलेले असले की परक्या मातीत उपचार टिकण्याची शक्यता वाढते.

न टिकल्याची गोष्टही मोलाची आहे. इंग्लंडच्या कील विद्यापीठात कंबरदुखीसाठी ‘स्टार्ट बॅक’ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. उत्तरांवरून रुग्णाला दुखणे रेंगाळण्याच्या कमी, मध्यम किंवा जास्त जोखमीच्या गटात टाकायचे. कमी जोखमीच्या माणसाला धीर आणि सल्ला देऊन मोकळे करायचे, मध्यम गटाला फिजिओथेरपी, आणि जास्त जोखमीच्या गटाला भीती-निराशेचाही विचार करणारी फिजिओथेरपी द्यायची. 2011 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 851 रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने निकाल चांगले आले, खर्चही कमी झाला. मग अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या प्राथमिक दवाखान्यांत तीच कल्पना नेली. डॉक्टरांना रीतसर प्रशिक्षण दिले, प्रश्नावली संगणकातल्या नोंदींत बसवली. 2018 मध्ये निकाल आला, आणि रुग्णांच्या दुखण्यात किंवा त्यांनी घेतलेल्या उपचारांत म्हणावा असा फरक पडलेला नव्हता. प्रश्नावली वापरली गेली ती सुमारे निम्म्या रुग्णांसाठी.

प्रश्न तेच नऊ होते, मग फरक कुठला? कार्ल मे आणि ट्रेसी फिंच यांचा ‘सामान्यीकरण प्रक्रिया सिद्धांत’ इथे उपयोगी पडतो. नवी पद्धत रोजच्या कामात मुरायची तर चार प्रकारचे काम लोकांना करावे लागते, असे तो सांगतो. ही पद्धत जुन्याहून वेगळी कशी, हे उमजून घेणे. ती आपलीच म्हणून अंगावर घेणे. मग प्रत्यक्ष कामाची वाटणी बसवणे आणि शेवटी ती चालते का, हे एकत्र बसून तपासत राहणे. गट पाडणे हा निव्वळ कागदाचा भाग होता. खरा बदल पुढच्या उपचारात अपेक्षित होता, आणि तो डॉक्टरांच्या हातात नव्हता. तो फिजिओथेरपिस्टच्या हातात होता, त्यांच्या वेळापत्रकात होता, रुग्णाच्या विम्यात होता. प्रश्नावली भरल्यावर कुणाच्या कामात नेमका काय बदल होणार आहे, हे आधी विचारले असते तर निम्मे उत्तर तिथेच मिळाले असते. इंग्लंडमधल्या चाचणीत तिन्ही गटांना पुढे काय मिळणार हे ठरलेले होते आणि ते देणारी माणसे त्यासाठीच तयार केलेली होती.

काम कुणाचेच नसणे हा रोग हाडांच्या क्षेत्रात जुनाच आहे. साठीची एखादी बाई घसरून पडते आणि मनगट मोडते. अस्थिरोगतज्ज्ञ हाड नीट बसवतात. हाडे ठिसूळ झालीत का, हे तपासणे आपले काम नाही असे त्यांना वाटते. फॅमिली डॉक्टरांपर्यंत ती बातमी जातच नाही. पुढे काही वर्षांनी खुबा मोडतो. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात 1999 मध्ये याचे उत्तर एका नर्सच्या नेमणुकीतून निघाले. पन्नाशीनंतर हाड मोडून आलेल्या रुग्णांना शोधायचे, हाडांची घनता मोजून घ्यायची आणि उपचार सुरू होईल हे पाहायचे, हेच तिचे काम. औषध नवे नव्हते, यंत्रही नवे नव्हते. फक्त जबाबदारीला नाव मिळाले. आज ही व्यवस्था अनेक देशांत आहे. इंग्लंडने खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी 2010 मध्ये पैशाचा मार्ग निवडला. 36 तासांत शस्त्रक्रिया, वृद्धरोगतज्ज्ञांची देखरेख अशा ठरावीक अटी पुऱ्या झाल्या की त्या रुग्णामागे रुग्णालयाला जादा रक्कम मिळू लागली. राष्ट्रीय नोंदवही 2007 पासूनच चालू होती, म्हणून हे मोजताही आले.

नवे आणणे अवघड, पण जुने सोडवणे त्याहून अवघड. ह्यूस्टनमध्ये 180 रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींच्या झिजलेल्या गुडघ्याची दुर्बिणीने खरीखुरी साफसफाई केली, काहींना फक्त त्वचेवर छेद देऊन तसे भासवले. 2002 मध्ये छापलेल्या निकालात दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांत फरक नव्हता. 2013 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी वयोमानाने फाटलेल्या कूर्चेबाबत असाच निष्कर्ष दिला. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने झिजेच्या जवळपास सर्व रुग्णांसाठी ही शस्त्रक्रिया नको अशी ठाम शिफारस केली. तरी ती थांबायला वेळ लागला, आणि त्याचे कारण फक्त पैसा नाही. झिजेचे दुखणे मुळातच कमी-जास्त होते. ऐन कळा असताना शस्त्रक्रिया झाली की पुढच्या महिन्यात बरे वाटतेच. रुग्ण आभार मानतो आणि शल्यचिकित्सक ते लक्षात ठेवतो. ‘नको’ म्हणताना त्याच्या जागी काय द्यायचे, हे हाताशी नसेल तर शिफारस कागदावरच राहते. म्हणूनच दुर्बीण बाजूला ठेवण्याची मोहीम आणि व्यायामवर्ग उभारण्याची मोहीम वेगवेगळ्या खात्यांत चालणे मला चुकीचे वाटते.

या शास्त्रावर टीकाही होते आणि तिच्यात तथ्य आहे. आराखडे इतके झाले आहेत की त्यांची यादी करणे हेच वेगळे संशोधन बनले आहे. 2015 मध्ये अंमलबजावणीच्या उपायांचे एक संकलन झाले, त्यात 73 प्रकार निघाले. अनेक अभ्यासांत सिद्धांत शेवटी, निबंध लिहिताना चिकटवला जातो. सुरुवातीलाच तो विचारात घेतला असता तर अभ्यासाचे आरेखनच बदलले असते. त्यावर एक मार्ग म्हणजे मिश्र आरेखन. जेफ्री करन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ते व्यवस्थित मांडले. उपचार काम करतो का आणि तो दवाखान्यात बसतो का, हे दोन्ही एकाच चाचणीत मोजायचे. म्हणजे गुडघेदुखी किती कमी झाली याबरोबरच बारापैकी किती सत्रे खरोखर झाली, किती फिजिओथेरपिस्टनी ठरलेला क्रम पाळला, कुणाला आमंत्रणच गेले नाही, हेही नोंदवायचे. रसेल ग्लासगो यांच्या 1999च्या मांडणीत अशा पाच मोजमापांतले शेवटचे टिकाऊपणाचे आहे, आणि सर्वांत कमी मोजले जाणारेही बहुधा तेच. त्याचे उत्तर दोन-तीन वर्षांनी, प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट नोकरी बदलून गेल्यावर मिळते, आणि अभ्यासाचा निधी साधारणपणे त्याआधीच संपलेला असतो.