शिल्लक रजा आणि शरीराचा हिशेब

मुंबईतल्या सरकारी कार्यालयांतील निरोप समारंभांत एक कौतुक हमखास ऐकू येते: साहेबांनी उभ्या नोकरीत क्वचितच रजा घेतली आणि अर्जित रजा शिल्लक ठेवून शेवटी तिचे रोखीकरण करून घेतले. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला अशा ३०० दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे मिळतात, त्यामुळे हा निर्णय आर्थिकदृष्ट्या गैर म्हणता येणार नाही. मात्र रजेबरोबर विश्रांतीही साठत जाते, ही त्यामागची समजूत शरीरशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

कामाचा ताण जाणवताच मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो. त्यामुळे पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरे संप्रेरक स्रवते, आणि ते रक्तावाटे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचले की तेथून कॉर्टिसॉल बाहेर पडते. कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवते आणि दाह आवरते. शिवाय ते हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग) येथील ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या वा पेशींतल्या संदेश टिपणाऱ्या रेणूंना, चिकटून स्वतःचीच निर्मिती कमी करण्याचा संदेश देते. म्हणजे ही साखळी स्वतःला थांबवणारी आहे. रक्तातले कॉर्टिसॉल साधारण तास-दीड तासात निम्मे होते आणि ताणाचे दुसरे संप्रेरक अ‍ॅड्रेनलिन तर काही मिनिटांतच ओसरते. या गणिताने चर्चगेटहून निघालेला माणूस विरारला उतरेपर्यंत त्याचे शरीर बरेचसे निवळलेले असायला हवे.

तसे होत नाही, कारण ही साखळी सुरू करायला समोर प्रत्यक्ष संकट असावेच लागते असे नाही. उद्याच्या बैठकीची धास्ती किंवा दुपारी ऐकून घेतलेल्या बोलण्याची आठवण तिला पुरते. जाग आल्यावर पहिल्या ३० ते ४५ मिनिटांत कॉर्टिसॉल झपाट्याने वाढते, आणि लाळेच्या नमुन्यांवरून केलेल्या अनेक अभ्यासांत ही वाढ सुट्टीच्या सकाळपेक्षा कामाच्या सकाळी अधिक आढळली आहे. कामाला हात लागण्यापूर्वीच शरीर त्या दिवसाच्या तयारीला लागलेले असते. मेंदूशास्त्रज्ञ ब्रूस मॅकएवन यांनी १९९३ साली एलियट स्टेलर यांच्यासह अशा सततच्या तयारीच्या झिजेला ‘अ‍ॅलोस्टॅटिक भार’ असे नाव दिले. मॅकएवन यांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत दीर्घ ताणामुळे हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखडलेल्या दिसल्या. हिप्पोकॅम्पस हा कॉर्टिसॉलला लगाम घालणाऱ्या भागांपैकी एक असल्यामुळे अशा वेळी लगामच सैल पडत जातो.

या संप्रेरकाच्या बदनामीवर हल्ली कॉर्टिसॉल ‘उतरवणारी’ पेये आणि चूर्णे खपवली जातात. कॉर्टिसॉल हे विष नव्हे. अ‍ॅडिसन रोगात ते पुरेसे तयार होत नाही आणि उपचार न मिळाल्यास रुग्ण दगावू शकतो. विचारांनी पुन्हापुन्हा सुरू होणारी साखळी पेल्यातल्या काढ्याने थांबेल, अशी आशा कोणी दाखवू नये.

साखळी थांबण्यासाठी मनाने कामापासून दूर जावे लागते आणि ते शक्य होईल की नाही, हे बऱ्याच अंशी समाज रजेकडे कसे पाहतो यावर ठरते. जर्मनीत सहा दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान २४ दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळते, आणि रजेत माणूस आजारी पडला तर वैद्यकीय दाखल्यावर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत. फ्रान्सने १९३६ मध्ये दोन आठवडे दिले होते, आज तेथे पाच आठवडे मिळतात. अमेरिकेत खासगी क्षेत्रासाठी असा केंद्रीय कायदाच नाही. जपानमध्ये रजा होती, पण सहकाऱ्यांवर भार पडेल या संकोचाने लोक ती घेत नसत. म्हणून एप्रिल २०१९ पासून, ज्यांना वर्षाला दहा किंवा अधिक दिवस मिळतात त्यांनी किमान पाच दिवस घेतलेच पाहिजेत, ही जबाबदारी मालकावर टाकण्यात आली.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस रजा आणि शिवाय आठ दिवस किरकोळ रजा मिळते. तरीही अर्जात ‘घरगुती कारणास्तव’ लिहावे लागते आणि रजा जाते ती गौरी-गणपती, लग्नकार्य किंवा रुग्णालयातल्या फेऱ्यांत. कारणाविना रजा मागण्याचा संकोच आपण सोडला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. शिवाय विश्रांतीचा परिणाम फार टिकत नाही. लांब सुट्टीवर गेलेल्या डच कर्मचाऱ्यांच्या एका अभ्यासात स्वास्थ्य आठव्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक होते आणि कामावर परतल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाले. म्हणूनच रजा वर्षभरात थोडी थोडी, पण नेमाने घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मानसशास्त्रज्ञ मारियान फ्रांकेनहॉयझर यांनी स्वीडनमधील व्होल्वो कंपनीत केलेल्या अभ्यासात संध्याकाळी पुरुष व्यवस्थापकांचे नॉरअ‍ॅड्रेनलिन हे ताणाचे संप्रेरक उतरले, स्त्री व्यवस्थापकांचे मात्र वाढले, कारण घरी दुसरी पाळी त्यांची वाट पाहत होती. लोकलच्या डब्यातच भाजी निवडणाऱ्या स्त्रीसाठी रजेचा दिवसही बहुधा त्याच पाळीत जातो. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला तर सुट्टी म्हणजे बुडालेली मजुरी, आणि त्या मजुरीची चिंता घरी बसूनही हायपोथॅलॅमसला स्वस्थ बसू देत नाही. रजा भरपगारी असण्याचा शरीराशी संबंध येतो तो येथे.