संत्र्याच्या सालीतला ऋणप्रभार आणि दुधातलं प्रथिन

दुधात संत्र्याचा रस पडला की दूध फाटतं, हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. पण त्याच संत्र्याच्या सालीत पेक्टिन नावाचा पदार्थ असतो आणि तो आंबट दुधातल्या प्रथिनाच्या गुठळ्या होऊ देत नाही. एकाच फळाचे हे दोन परिणाम समजून घेतले, तर प्रथिनं कधी सुटी राहतात आणि कधी गोळा होतात, यातलं बरंचसं विज्ञान हाती लागतं.

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन असतं. त्याचे सूक्ष्म कण दुधात तरंगत असतात. ताज्या दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचं माप; आम्ल वाढलं की तो उतरतो) 6.7 च्या आसपास असतो आणि त्या स्थितीत कणांच्या पृष्ठभागावर ऋणप्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. आम्ल मिसळलं की हायड्रोजन आयन हा प्रभार मारत जातात. सामू 4.6 ला पोचला की केसीनवरचे धन आणि ऋण प्रभार बरोबरीत येतात, दूर लोटणारं बळ संपतं आणि कण एकमेकांना चिकटतात. सामू आणखी उतरला की केसीनवर धनप्रभार शिल्लक राहतो.

इथे पेक्टिनचं काम सुरू होतं. गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाचे शेकडो रेणू जोडून बनलेली ही लांब साखळी, म्हणजे एक बहुवारिक. पाण्यात तिचे काही गट हायड्रोजन आयन सोडतात आणि साखळीवर जागोजागी ऋणप्रभार येतो. सामू 4 च्या आसपास केसीन धन आणि पेक्टिन ऋण, त्यामुळे साखळीचे प्रभारित तुकडे कणाला घट्ट चिकटतात आणि उरलेले भाग पाण्यात बाहेर पसरून राहतात. शेजारचा कण जवळ येऊ लागला की त्याला हे पसरलेले भाग अडवतात. असं आंबट दूध पाश्चरीकरणासाठी तापवलं तरी ते रवाळ होत नाही. फळांच्या चवीच्या आंबट दूधपेयांच्या डब्यावर आयएनएस 440 (खाण्यात मिसळायच्या पदार्थांना दिलेला क्रमांक) दिसलं, तर ते पेक्टिन. 466 म्हणजे कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज, तेही ऋणप्रभारितच.

मात्रा मात्र सांभाळावी लागते, आणि मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. पेक्टिन कमी पडलं, तर एकच साखळी दोन-तीन कणांना धरते आणि ती स्वतःच गुठळी बांधते. फार जास्त झालं, तर पाण्यात मोकळ्या राहिलेल्या साखळ्या कणांना एकमेकांकडे ढकलतात आणि पुन्हा गाळ बसतो. मीठ वाढलं तर त्यातले आयन प्रभारांना झाकतात आणि पकड सैल होते. म्हणून अमुक बहुवारिक प्रथिनाला तारतं की बुडवतं, हे प्रमाण, सामू आणि मीठ सांगितल्याशिवाय ठरवताच येत नाही. पेक्टिन कारखान्यात लिंबू-संत्र्याच्या सालींपासून आणि सफरचंदाच्या चोथ्यापासून काढतात. काटोल, नरखेड, वरूडच्या पट्ट्यात रस काढून उरलेल्या सालीकडे आपण कचरा म्हणून पाहणं थांबवायला हवं.

औषधांत तर प्रथिन मुद्दाम एकत्र आणलं जातं. शरीराच्या सामूला इन्सुलिनवर ऋणप्रभार जास्त असतो. डेन्मार्कचे संशोधक हॅगेडॉर्न यांनी 1936 मध्ये त्याला माशांच्या शुक्रद्रव्यातल्या प्रोटामीन या धनप्रभारित प्रथिनाची जोड दिली. पुढे 1946 मध्ये यातूनच एनपीएच (न्यूट्रल प्रोटामीन हॅगेडॉर्न) इन्सुलिन आलं. कुपीत ते दुधाळ दिसतं, कारण इन्सुलिनचे बारीक स्फटिक त्यात तरंगत असतात. त्वचेखाली ते सावकाश विरघळतात आणि परिणाम अनेक तास टिकतो. या स्फटिकांत इन्सुलिनच्या रेणूची घडी, म्हणजे त्याचा गुंडाळलेला आकार, शाबूत असते, म्हणून विरघळल्यावर ते पुन्हा कामाला येतं. नागपूरच्या मे महिन्यातल्या 45 अंशांत होणारा बिघाड निराळा. उष्णतेने घडीच उकलते, उघडे पडलेले भाग एकमेकांना चिकटून धागे बनतात आणि ते इन्सुलिन परत मिळत नाही. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायला सांगतात ते यासाठीच. फ्रीझरमध्ये मात्र ती कधीही ठेवू नये.

रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हेपरीन हेही बहुवारिकच, आणि त्यावर ऋणप्रभार फार दाट असतो. पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या एफजीएफ या प्रथिनाला ते उष्णतेपासून आणि आम्लापासून वाचवतं. अल्झायमरशी जोडलेलं टाऊ प्रथिन मात्र त्याच हेपरीनच्या सोबतीने धागे बनवू लागतं, कारण टाऊच्या ज्या भागाने ते पेशीतल्या सूक्ष्मनलिकांना (पेशीला आधार देणाऱ्या बारीक नळ्यांना) चिकटतं त्या भागात धनप्रभार जास्त असतो. त्यामुळे प्रयोगशाळेत टाऊचे धागे तयार करायला अनेक वर्षं हेपरीनच वापरलं गेलं. 2019 मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या धाग्यांची रचना उलगडली, तेव्हा ती अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतल्या धाग्यांपेक्षा वेगळी निघाली. म्हणजे हेपरीन वापरून बनवलेल्या टाऊच्या धाग्यांवर एखादं औषध चाललं, एवढ्यावरून ते रुग्णाच्या मेंदूतल्या धाग्यांवरही चालेल असं धरता येत नाही.