घाट उतरताना बॅटरी भरते ती नेमकी कशी

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात जेवढ्या नव्या तीनचाकी गाड्यांची नोंदणी झाली त्यातल्या शंभरात साधारण ५७ इलेक्ट्रिक होत्या. दुचाकींमध्ये हाच आकडा ६ च्या आसपास आणि कारमध्ये अडीचच्या थोडा वर. हे मी घरी सांगितलं तर आमच्या काकांनी फक्त शेवटचा आकडा उचलला, म्हणाले अडीच टक्के म्हणजे लोकांनी नाकारलंच की, आणि लगेच मोबाइल काढून व्हिडिओ दाखवला, त्यात एकाने चाकाला डायनामो लावलाय आणि ती गाडी म्हणे कधी चार्ज करावीच लागत नाही. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि मला दोन्हीवर बोलायचंय.

आधी आकड्यांचं. नोंदणीचा आकडा म्हणजे धरणातली आवक, रस्त्यावरच्या गाड्या म्हणजे साठा. पावसाळ्यात पेपरात दोन्ही आकडे वेगळे देतात ना, तसंच हे. नॉर्वेत २०२४ मध्ये नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण बॅटरीवर चालणाऱ्या होत्या, तरी त्यांच्या रस्त्यांवर इलेक्ट्रिक कारची संख्या पेट्रोल कारच्या पुढे गेली ती जेमतेम त्याच वर्षी सप्टेंबरात, दोन्ही साधारण साडेसात लाख असताना, आणि डिझेल तेव्हाही सगळ्यात जास्त होत्याच. गाडी पंधरा वीस वर्षं चालते, त्यामुळे आवक बदलली तरी साठा बदलायला वेळ लागतो. आणि नॉर्वेने हे हवेत नाही केलं, इलेक्ट्रिक गाडीला २५ टक्के व्हॅट कितीतरी वर्षं माफ होता आणि वीज जवळपास सगळी पाण्यावरची.

आपल्याकडे सुरुवात कारपासून न होता रिक्षापासून झाली, ती का, ते शेवटी सांगतो. त्याआधी घाट.

परवा मित्राच्या इलेक्ट्रिक गाडीतून पुण्याहून मुंबईला गेलो. लोणावळा सोडून घाट सुरू झाला तेव्हा समोरच्या स्क्रीनवर बॅटरी ५२ टक्के होती. जुना अमृतांजन पूल होता त्या जागेपाशी ट्रकच्या ब्रेक लायनरचा तो करपट वास आला, घाटातून नेहमी जाणाऱ्यांना ओळखीचा आहे. मित्राचा पाय ब्रेकवर नव्हताच, त्याने फक्त ॲक्सिलरेटर सोडला होता, तरी गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी संथ उतरत होती. खोपोलीला आलो तेव्हा आकडा ५५. ट्रक आणि आम्ही एकच उतार उतरलो, ट्रकने त्याची ऊर्जा जाळून वास केला, आम्ही निम्मी तरी खिशात घातली.

हे कसं होतं ते समजायला सायकलचा डायनामो आठवा. लहानपणी अंधार पडला की तो टायरला टेकवायचो आणि लगेच पॅडल जड व्हायचं. बल्ब पेटवायची वीज तुमच्या पायातूनच जायची, फुकट काही नव्हतं. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की वीज तयार होते, आणि लगोलग लेन्झने सांगितलं की ही वीज चुंबकाच्या हालचालीलाच विरोध करते. तो विरोध म्हणजेच पॅडलचं जडपण, आणि घाटात गाडीला मागून धरणारा हातही तोच.

इलेक्ट्रिक गाडीची मोटर म्हणजे उलटा सुलटा चालणारा डायनामो. वीज दिली तर चाक फिरवते, चाकाने तिला फिरवलं तर वीज देते. वेगळं यंत्र काही बसवावं लागत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, थोडा किचकट आहे पण सोबत राहा. समजा गाडीची बॅटरी ३५० व्होल्टची आहे. गाडी हळू उतरतेय, त्यामुळे मोटर डायनामोसारखी फिरून जेमतेम १०० व्होल्ट तयार करतेय. पाणी खालून वर चढत नाही, तशी १०० व्होल्टची वीज ३५० व्होल्टच्या बॅटरीत आपोआप शिरणार नाही. मग शिरते कशी? पाण्याचंच उदाहरण घेऊ. घरात नळ जोरात चालू असताना तो झटकन बंद केला की भिंतीतला पाइप ठण्णकन वाजतो. पाइपमधलं पाणी वेगात होतं, त्याला एकदम थांबायचं नसतं, म्हणून क्षणभर तिथे दाब टाकीच्या दाबापेक्षा कितीतरी वर जातो. मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीजप्रवाह अगदी असाच वागतो, एकदा वाहायला लागला की त्याला एकदम थांबणं आवडत नाही, याला इंडक्टन्स म्हणतात. मोटर आणि बॅटरीच्या मध्ये इन्व्हर्टर नावाचा डबा असतो, त्यात सहा इलेक्ट्रॉनिक स्विच, तीन वरचे तीन खालचे, मोटरच्या तीन तारांसाठी एकेक जोडी. इन्व्हर्टर आधी खालचे स्विच चालू करून वेटोळी एकमेकांना जोडून टाकतो, म्हणजे मुद्दाम शॉर्ट, पण एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. तेवढ्यात प्रवाह वाढतो. मग तो स्विच तोडतो, प्रवाहाला थांबायचं नसतं, वाट शोधायला तो व्होल्टेज वर ढकलतो, १०० चं ३५० च्या थोडं वर जातं आणि वरच्या स्विचमधून प्रवाह बॅटरीत घुसतो. पुन्हा शॉर्ट, पुन्हा तोड, सेकंदाला साधारण दहा हजार वेळा. स्विच किती वेळ चालू आणि किती वेळ बंद ठेवायचा यावर ब्रेक किती लागणार ते ठरतं, म्हणजे तुम्ही पाय किती उचललाय त्यावरून कॉम्प्युटर त्या वेळा बदलत राहतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर एवढं सगळं घडत असतं आणि आत आवाजसुद्धा नाही, म्हणून मला हे फार भारी वाटतं. मुंबईच्या नव्या लोकल थांबताना हाच प्रकार करतात, फक्त वीज बॅटरीत न जाता वरच्या वायरमध्ये परत जाते आणि जवळची दुसरी गाडी ती वापरते.

आता हिशोब, म्हणजे काकांचा व्हिडिओ निकालात निघेल. लोणावळा साधारण ६२० मीटरवर, खोपोली शंभराच्या आत, उतार ५५० मीटर धरू. माणसांसकट गाडी १,८०० किलो. वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, १,८०० × ९.८ × ५५०, साधारण ९७ लाख ज्यूल. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तर हे झालं २.७ युनिट. त्यातलं एक युनिटच्या आसपास हवेला आणि टायरच्या घर्षणाला द्यावं लागतं. उरलेल्यातलं मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरीत मिळून पाव भाग उष्णता होऊन जातं. हातात येतं सव्वा ते दीड युनिट. मित्राच्या ३० युनिटच्या बॅटरीत ते ४ टक्के होतात, एसी चालू होता म्हणून ३ दिसले. आणि हाच घाट चढायला किती लागतात? चारच्या वर. म्हणजे चढताना चार दिले, उतरताना सव्वा परत आलं. चाकाला डायनामो लावून सपाट रस्त्यावर गाडी चालवणारा माणूस चढ न चढताच उताराचे पैसे मागतोय, आणि डायनामोने गाडी जड होते ती वेगळीच. असले व्हिडिओ कृपा करून पुढे पाठवू नका, त्यावर विश्वास ठेवून कुणीतरी किट विकत घेतं आणि पैसे घालवतं.

एक मर्यादा सांगतो, ती लोकांना माहीत नसते. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर आलेली वीज ठेवायला जागाच नाही, मग गाडी मोटरचा हा ब्रेक बंद करते किंवा कमी करते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणून लोणावळ्यात किंवा महाबळेश्वरला रात्री चार्जिंगला लावून सकाळी घाट उतरायचा असेल तर ८५-९० वर थांबवा. अगदी थंड बॅटरीलाही वेगाने वीज घेता येत नाही. आणि गाडी पूर्ण थांबवायला शेवटी बऱ्याच गाड्यांत साधे ब्रेकच लागतात, कारण चाकच जेमतेम फिरत असेल तर डायनामो काय देणार.

आता रिक्षा. शहरातल्या रिक्षाला घाट नसतो पण सिग्नल असतात, आणि प्रत्येक सिग्नल हा छोटा घाटच. पॅसेंजरसकट ६०० किलोची रिक्षा ताशी ४० वरून थांबली की सुमारे ३७ हजार ज्यूल जातात. असे शंभर ब्रेक म्हणजे एक युनिट. दिवसभरात रिक्षावाला कितीशे वेळा ब्रेक मारतो ते त्याच्या शेजारी बसून मोजा एकदा. पेट्रोल किंवा सीएनजीवर ही सगळी ऊर्जा ब्रेकला गरम करण्यात जाते, वर सिग्नलला इंजिन उभ्या उभ्या इंधन पितं ते निराळं. मोटर थांबली की काहीच पीत नाही. उत्तरेतल्या साध्या ई-रिक्षांमध्ये, ज्या या ५७ मध्ये भरपूर आहेत, ब्रेकमधून वीज परत घ्यायची सोय बहुतेकदा नसते, तरी उभ्या गाडीचं इंधन वाचणं आणि किलोमीटरमागचा कमी खर्च एवढ्यावरच त्यांचं गणित बसतं. शिवाय रोज ८०-१०० किलोमीटर चालणाऱ्याला फरक महिनाअखेरीस हातात दिसतो. आठवड्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या कारवाल्याला तोच फरक दिसायला वर्षं लागतात, आणि गाडी घेताना जास्तीचे पैसे मात्र आजच मोजावे लागतात.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या हिरव्या नंबर प्लेट रस्त्यावर बघताना मी हल्ली अक्षरांचा रंग बघतो. पांढरी अक्षरं खासगी गाडीची, पिवळी भाड्याच्या गाडीची. आमच्या चौकात सकाळी सिग्नलला उभं राहून मोजलं तर पिवळीच जास्त भरली, आणि काकांना आता मी तिथेच घेऊन जाणार आहे.