बुडणाऱ्या वाटीचे घड्याळ : घटिकापात्रामागची पार्श्वभूमी

नाशिकमधील आमच्या छोट्या हौशी कार्यशाळेत लेथच्या शेजारी पाण्याने भरलेले एक जुने घंगाळ ठेवले आहे आणि त्यात तळाला भोक असलेली तांब्याची वाटी गेले काही महिने पुन्हा पुन्हा बुडते आहे. रिकामी वाटी पाण्यावर सोडली की भोकातून पाणी हळूहळू आत चढते, काठ पाण्याला टेकतो आणि मग क्षणात ती तळाशी जाते. सोडल्यापासून बुडेपर्यंत २४ मिनिटे, म्हणजे बरोबर एक घटका, लागावी आणि बुडताच थाळीवर ठोका पडून वाटी आपोआप वर यावी, असे हे घड्याळ करण्याचा बेत आहे. यातील जवळजवळ प्रत्येक अडचण पूर्वी कोणाला तरी आलेली आहे आणि तिच्यावर लिहूनही ठेवलेले आहे. म्हणून घड्याळाच्या रचनेआधी त्याचा इतिहास पाहणे सोयीचे ठरते.

कालमापनाची ही पद्धत मराठी माणसाच्या बोलण्यात अजून शिल्लक आहे. ६० विपळांचे एक पळ, ६० पळांची एक घटका आणि ६० घटकांचे एक अहोरात्र; दोन घटकांचा मुहूर्त आणि साडेसात घटकांचा प्रहर. ‘घटका भरली’ असे आपण म्हणतो तेव्हा भरते ती हीच वाटी. ‘घटी’ म्हणजे लहान घट, भांडे. भांड्याचे नाव त्याने मोजलेल्या काळाला मिळाले. ‘तास’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. फारसीत तो धातूच्या पात्राला लावतात, मराठीत तो ठोके देण्याच्या थाळीला लागला आणि शेवटी त्या ठोक्यांनी मोजल्या जाणाऱ्या कालावधीला.

पाण्याने वेळ मोजण्याचा आपल्याकडील जुना उल्लेख वेदांगज्योतिष या प्राचीन ज्योतिषग्रंथात आहे. उत्तरायणात दिवस रोज एक प्रस्थ (हे एक जुने माप) पाण्याइतका वाढतो आणि दोन अयनांतांमधील, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांमधील, एकूण फरक सहा मुहूर्तांचा असतो, असे तेथे सांगितले आहे. या हिशेबाने सर्वांत मोठा दिवस ३६ घटकांचा आणि सर्वांत लहान २४ घटकांचा होतो. हे प्रमाण उत्तरेकडील प्रदेशाला जुळेल, नाशिकला मुळीच नाही. सुमारे २० अंश अक्षांशावरील आपल्या शहरात जूनमधला मोठ्यात मोठा दिवस ३३ घटकांच्या थोडा पुढे जातो आणि डिसेंबरमधला लहानात लहान दिवस २७ घटकांच्या आसपास राहतो. वेदांगज्योतिषातले प्रमाण प्रमाण मानून कोणी गोदाकाठी जलघटी लावली असती, तर पहिल्याच वर्षी तिचे सूर्याशी वाकडे आले असते.

या जुन्या मोजणीत पाण्याचे माप महत्त्वाचे होते. बुडणारी वाटी ही वेगळी आणि नंतरची कल्पना आहे. सूर्यसिद्धांत या ज्योतिषग्रंथात तिचे वर्णन थोडक्यात आले आहे : तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र स्वच्छ पाण्याच्या कुंडात ठेवावे, ते अहोरात्रात ६० वेळा बुडते. आठव्या शतकातील ज्योतिषी लल्ल याने मात्र तिचे पूर्ण मापच दिले. दहा पळे वजनाचे तांबे (येथे पळ हे वजन आहे), सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे म्हणजे एक वीत तोंड, आणि छिद्र पाडण्यासाठी सव्वातीन माशांहून किंचित अधिक, नेमके सांगायचे तर तीन पूर्णांक एक तृतीयांश मासे (मासा हे सोनाराचे वजन), सोन्याची चार अंगुळे लांब सुई.

ही सुई मला फार विलक्षण वाटते. ज्या काळी मिलिमीटरभर जाडी थेट मोजण्याचे साधन नव्हते, त्या काळी सोनाराच्या तराजूचा आधार घेऊन ती जाडी ठरवली गेली. सोने जड, ओढायला मऊ, गंजत नाही आणि त्याचे वजन गुंजेपर्यंत काटेकोर करता येते. ठराविक वजनाची सुई ठराविक लांबीपर्यंत ओढली की तिची जाडी आपोआप ठरते. त्या काळच्या माशाचे वजन थोडे इकडे-तिकडे धरले, तरी ही जाडी मिलिमीटर ते दीड मिलिमीटर या टप्प्यात येते. आमची वाटी लल्लाच्या वाटीहून बरीच लहान आहे आणि तिचे छिद्र मिलिमीटरहून थोडे कमी ठेवावे लागले.

एवढे नेमके माप हाताशी असताना भास्कराचार्यांनी ते सरळ बाजूला सारले. सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात यंत्रांविषयी लिहिताना ते फक्त इतकेच सांगतात की घटाच्या खालच्या अर्ध्या भागासारखी तांब्याची घटिका घडवावी, तिच्या तळाला छिद्र असावे, आणि ती अहोरात्रात जितक्या वेळा बुडेल त्या संख्येने अहोरात्राला भागावे, म्हणजे तिचे मान मिळते. दहा पळे तांबे वगैरे लक्षणे त्यांनी स्वतःच्या ग्रंथावरील भाष्यात ‘युक्तिशून्य’ आणि ‘दुर्घट’ ठरवली आहेत. म्हणजे त्यामागे तर्क नाही आणि तसे घडवणेही अवघड.

कार्यशाळेत हात काळे झाल्यावर हा शेरा किती रास्त आहे ते कळते. ठोकून घडवलेल्या वाटीचा पत्रा सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. मठारकाम करताना कडा पातळ होते, तळ जाड राहतो. छिद्राच्या कडेला केसाएवढी फूस उरली तरी घटकेत मिनिटाचा फरक पडतो. लल्लाचे माप तंतोतंत पाळून केलेल्या दोन वाट्या एकाच वेळी बुडतील याची खात्री कोणताही कारागीर देणार नाही. भास्कराचार्यांच्या पद्धतीत मात्र वाटी अचूक असावी लागत नाही, एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत नीट मोजावी लागते. समजा ती ५८ वेळा बुडली, तर तिची एक बुडी ६२ पळांहून किंचित जास्त, म्हणजे २४ मिनिटे ५० सेकंदांची. हा आकडा लिहून ठेवला की काम झाले. त्यातला एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. वाटी उचलून पुन्हा सोडायला दर वेळी पाच सेकंद गेले, तर ६० वेळांत पाच मिनिटे वाया जातात. पण संपूर्ण अहोरात्राला भागल्यामुळे हा उशीरही मापातच धरला जातो.

भास्कराचार्यांचे नाव आपल्या भागात परके नाही. चाळीसगावजवळील पाटणे येथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याची नोंद असलेला इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. लीलावतीच्या लग्नघटिकेची कथा, म्हणजे वाकून पाहताना तिच्या दागिन्यातला मोती घटिकापात्रात पडला, भोक बुजले आणि मुहूर्त टळला, ही मात्र अकबराच्या दरबारातील कवी फैजीने १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरात येते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चार शतकांहून अधिक काळाने. कथा म्हणून ती कशीही असो, यंत्राचा दोष तिने अचूक पकडला आहे. नाशिकच्या बोअरच्या पाण्यातील क्षार मोत्याचे हेच काम आठवडाभरात करतात, त्यामुळे आम्हाला गाळलेले पाणी वापरावे लागते आणि छिद्र अधूनमधून चिंचेने साफ करावे लागते.

घटिकापात्र हे बहुतेक काळ एकट्या ज्योतिषाचे उपकरण नव्हते; त्याला पाहणारी माणसे आणि ऐकणारे गाव लागे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात नालंदेत राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने तेथील विहारातील तांब्याच्या वाट्या आणि त्यांच्या बुडण्याबरोबर वाजणारे नगारे यांचे वर्णन केले आहे. ही पात्रे राजांनी दिलेली असत आणि त्यांच्यासोबत राखणीला मुलेही दिली जात. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातील घड्याळवाल्यांची पद्धत सविस्तर लिहिली आहे. तबकाएवढी, दोन बोटे जाड पितळी थाळी उंच टांगलेली असे आणि तिलाच ‘घडियाल’ म्हणत. आपले ‘घड्याळ’ त्याच घराण्यातले. रात्री जाग आलेल्याला नुसते तीन-चार ठोके ऐकून कोणता प्रहर चालू आहे हे कळत नाही, म्हणून घटकांच्या ठोक्यांनंतर थोडे थांबून प्रहराचे ठोके द्यावेत, अशी आज्ञा आपण केल्याचे तो सांगतो. आमच्या घड्याळात हीच योजना ठेवण्याचा मोह होतो, पण त्यासाठी मोजणारे दुसरे यंत्र लागेल.

वाटी आपोआप वर आणण्याच्या प्रश्नाचे उत्तर भारताबाहेर सापडते. दियारबकर (आजच्या तुर्कस्तानात) येथील यंत्रकार अल-जजरीने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात हत्तीच्या आकाराचे घड्याळ आहे. हत्तीच्या पोटातील टाकीत छिद्राची वाटी दर अर्ध्या तासाने बुडते, बुडताना दोरी ओढते, वरून एक गोळा सुटून सर्पाच्या तोंडात पडतो आणि त्या भाराने सर्प खाली झुकताना वाटीला पुन्हा वर खेचतो. हत्ती आणि बुडणारी वाटी यांतून त्याने भारताची आठवण ठेवली, असे मानले जाते. पाटण्याचा शिलालेख आणि हा ग्रंथ यांत जेमतेम वर्षाचे अंतर आहे, हा निव्वळ योगायोग. पण आमच्या घड्याळात दोन्हींचा वाटा आहे. आम्ही सर्प केला नाही. लाकडी तरफ आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील भंगारातून आणलेल्या बेअरिंगच्या गोळ्या वापरल्या आहेत. अहोरात्राला ६० गोळ्या लागतात आणि त्या रोज सकाळी वरच्या पन्हळीत भरून ठेवाव्या लागतात.

उरलेली मोठी अडचण थंडीची आहे. १० अंश सेल्सिअसचे पाणी ३० अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून अधिक चिकट असते आणि इतक्या बारीक छिद्रातून ते सावकाश जाते, त्यामुळे वैशाखात लावलेली वाटी पौषात मागे पडते. छिद्र मोठे करता येते, लहान करायचे तर डाख देऊन ते बुजवावे आणि पुन्हा पाडावे लागते; म्हणून वाटी उन्हाळ्याच्या मापाला ठेवून हिवाळ्यात तिच्या तळाला थोडे शिसे चिकटवण्याचे ठरले आहे, कारण जड वाटी लवकर बुडते. मोजणी अर्थातच नाशिकच्या सूर्योदयापासून होईल. १९०६ पासून चालत आलेली भारतीय प्रमाणवेळ आपल्या स्थानिक वेळेच्या सुमारे ३५ मिनिटे पुढे आहे, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाशी या वाटीचा मेळ दीड घटकेने चुकणार आहे आणि ती चूक आम्ही दुरुस्त करणार नाही.