मातीवरची शर्यत आणि स्टॉक कारची शर्यत: एकाच चालकाच्या दोन वेगळ्या कसोट्या

अमेरिकेतल्या मोटार शर्यतपटूंच्या कारकिर्दीबद्दल वाचताना ‘डर्ट ट्रॅक’ आणि ‘स्टॉक कार’ हे दोन शब्द इतक्या वेळा शेजारी शेजारी येतात, की ही एकाच खेळाची दोन नावे आहेत किंवा पहिला प्रकार म्हणजे दुसऱ्याची खालची पायरी आहे, असा आपल्याकडच्या वाचकाचा समज सहज होतो. यांतला पहिला समज सरळ चुकीचा आहे, आणि दुसरा अर्धाच खरा आहे. डर्ट ट्रॅकमध्ये मुद्दा धावण्याच्या जमिनीचा, म्हणजे मातीचा असतो आणि स्टॉक कारमध्ये गाडीचा, म्हणजे मुळात विक्रीला असते तशा साध्या गाडीचा. त्यामुळे स्टॉक कार मातीवरही धावू शकते, आणि मातीवर धावणारी प्रत्येक गाडी स्टॉक कार असतेच असे नाही. तरीही आज व्यवहारात हे दोन वेगळे व्यवसाय झाले आहेत. एकीकडे स्प्रिंट कार, मिजेट (तिच्याहून लहान उघडी गाडी) आणि लेट मॉडेल यांच्या मातीवरच्या शर्यती आहेत, तर दुसरीकडे नॅसकार या संस्थेची, प्रामुख्याने डांबरी ट्रॅकवर चालणारी, ‘कप’ ही सर्वोच्च मालिका आहे.

मुळात ही दोन्ही जगे एकच होती. बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने १९४८ साली नॅसकार स्थापन झाली आणि १९ जून १९४९ रोजी उत्तर कॅरोलायनातील शार्लट येथे, पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर, विक्रीला असलेल्या साध्या गाड्यांची तिची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला खरा, पण त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार आढळल्याने त्याला बाद केले गेले आणि लिंकन चालवणारा जिम रोपर विजयी ठरला. असा फेरफार त्या भागात चोरटी दारू वाहून नेणाऱ्या गाड्यांमध्ये सर्रास केला जात असे, आणि डनवेची गाडीही त्याच धंद्यातली होती. पुढच्याच वर्षी डार्लिंग्टनचा डांबरी ट्रॅक सुरू झाला आणि १९५९ साली डेटोनाचा अडीच मैलांचा, वळणांवर ३१ अंशांनी कललेला ट्रॅक आला. त्यानंतर माती हळूहळू मागे पडत गेली. सप्टेंबर १९७० मध्ये राली येथे रिचर्ड पेटीने मातीवरची शर्यत जिंकली. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेतली पुढची मातीवरची शर्यत व्हायला त्यानंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

आता गाड्या पाहू. आजच्या कप मालिकेतली ‘स्टॉक’ कार नावापुरतीच स्टॉक आहे. शेवरोले, फोर्ड किंवा टोयोटाच्या रस्त्यावरच्या मॉडेलशी तिचे साम्य बाह्य आकारापुरते असते. आतला सांगाडा पूर्णपणे शर्यतीसाठी बनवलेला असतो. चालक आणि इंधन वगळता तिचे वजन साधारण साडेचौदाशे किलो असते आणि २०२२ साली आलेल्या नव्या पिढीच्या गाडीला बहुतेक ट्रॅकवर सुमारे ६७० अश्वशक्ती दिली गेली. मातीवरची स्प्रिंट कार हा अगदी वेगळा प्राणी आहे. नियमानुसार तिचे किमान वजन चालकासह साधारण ६३५ किलो असते, तिचे मिथेनॉलवर चालणारे इंजिन ९०० अश्वशक्तीच्या आसपास जाते आणि डोक्यावर बहुतेकदा एक मोठा आडवा पंख असतो. तिला स्वतःचा स्टार्टर नसतो आणि नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्सही नसतो. दुसऱ्या वाहनाने मागून ढकलूनच ती सुरू करावी लागते. तिचे मागचे उजवे चाक डाव्यापेक्षा बरेच मोठे असल्यामुळे गाडीचा कल आपोआप डावीकडे राहतो. अंडाकृती ट्रॅकवर सगळी वळणे डावीकडचीच असल्याने तो कल उपयोगी पडतो. लेट मॉडेल मात्र बंद छताची, रुंद आणि दिसायला स्टॉक कारच्या जवळची असते, आणि माझ्या मते गोंधळाचे मूळ बरेचसे तिथेच आहे.

या दोन व्यवसायांतला खरा फरक मात्र चाकाखाली आहे. मातीचा ट्रॅक म्हणजे मोकळी धूळ नव्हे. ती चिकणमाती असते. शर्यतीआधी तिच्यावर पाणी मारून, गाड्या फिरवून ती दाबून बसवली जाते. संध्याकाळी सुरुवातीला ती ओलसर असते, चाके घट्ट पकडते आणि वेगही तेव्हाच सर्वाधिक असतो. पात्रता फेऱ्या होत जातात तशी ती सुकते, घासली जाते, आणि रात्री मुख्य शर्यतीच्या वेळेपर्यंत काही पट्टे काळे, गुळगुळीत आणि निसरडे झालेले असतात. चाकांनी उडवलेली सैल माती बाहेरच्या कडेला साचून तिचा एक बांध तयार होतो, ज्याला तिथे ‘कुशन’ म्हणतात. मागचे उजवे चाक या बांधाला टेकवून चालवले तर विलक्षण पकड मिळते. चाक त्यावरून पलीकडे गेले तर गाडी भिंतीवर आदळते किंवा उलटते. म्हणजे आठ वाजता जी वाट जलद होती ती दहा वाजता सर्वांत मंद असू शकते, आणि हे बदल चालकाला मातीच्या रंगावरून व चकाकीवरून ओळखावे लागतात. वळणात गाडी जवळजवळ आडवी होऊन घसरत जाते, पुढची चाके उजवीकडे वळवलेली असतात आणि दिशा ठरवण्याचे बरेचसे काम ॲक्सिलरेटर करतो. डोक्यावरचा पंख चालक बसल्या जागेवरून पुढेमागे सरकवू शकतो, पण एकदा शर्यत सुरू झाली की त्याला सल्ला देणारे जवळपास कोणीच नसते.

डांबरावर गाडीचा मागचा भाग असा घसरू लागला की बहुतेक वेळा नुकसानच होते. तिथली पकड त्या मानाने स्थिर असते; बदलतात ते टायर, जे फेरीगणिक झिजतात, आणि उन्हासावलीने बदलणारे ट्रॅकचे तापमान. पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागच्या गाडीचे नाक हलके होते आणि ती वळेनाशी होते, म्हणून कोणाच्या मागे किती अंतर ठेवायचे हे एक वेगळेच शास्त्र आहे. डेटोनासारख्या ट्रॅकवर उलट एकमेकांना चिकटून धावल्यानेच वेग मिळतो. डेटोना ५०० म्हणजे २०० फेऱ्या, सुमारे ८०० किलोमीटर. शार्लटची उन्हाळ्याच्या तोंडावरची शर्यत तर ६०० मैलांची असते. याउलट स्प्रिंट कारची मुख्य शर्यत अनेकदा तीस-चाळीस फेऱ्यांतच आटोपते आणि तिच्यात टायर किंवा इंधनासाठी थांबण्याची वेळ सहसा येत नाही. कप चालकाच्या कानात मात्र सतत दोन आवाज असतात: एक संघप्रमुखाचा आणि दुसरा स्टँडच्या छतावरून आजूबाजूच्या गाड्या सांगणाऱ्या स्पॉटरचा. दहा-बारा सेकंदांत चार टायर बदलणारे सहकारी चुकले, तर तीन तासांची मेहनत तिथेच वाया जाते.

उपजीविकेची गणितेही जुळत नाहीत. कप मालिकेत कायम प्रवेशाचे ३६ परवाने आहेत आणि शर्यतीत सहसा चाळीसपेक्षा जास्त गाड्या उतरत नाहीत. त्यामुळे तिथे बसायला मिळणारी जागा ही एखाद्या मोठ्या संघाची नोकरीच असते. मातीवरचे चालक मात्र अनेकदा स्वतःच्या किंवा एखाद्या लहान मालकाच्या गाडीने गावोगाव फिरतात, आठवड्यात दोन-तीन रात्री धावतात आणि ट्रेलरच्या दारात टी-शर्टही विकतात. तरी मातीवर पैसा नसतोच असे म्हणणे चूक ठरेल. ओहायोतील एल्डोरा ट्रॅकवर २०२२ साली जोनाथन डेव्हनपोर्टने लेट मॉडेलच्या एका शर्यतीत दहा लाख डॉलरपेक्षा जास्त बक्षीस जिंकले. अशी रात्र क्वचितच येते, एवढेच.

मग एकीकडचे कौशल्य दुसरीकडे किती चालते? आपल्याकडे मातीतला मल्ल गादीवर उतरतो तेव्हा ताकद आणि डाव त्याचेच असतात, पण पायाखालची पकड, गुणांची पद्धत आणि कुस्तीचा वेग बदलतो. म्हणूनच महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून शेवटी दोन्हीकडच्या विजेत्यांची गाठ घातली जाते. अमेरिकी शर्यतींत अशी शेवटची गाठ नसल्यामुळे दोन्हीकडे उतरलेल्या चालकांच्या कारकिर्दीच तपासाव्या लागतात.

जेफ गॉर्डनला लहान वयात स्प्रिंट कार चालवता यावी म्हणून त्याचे कुटुंब कॅलिफोर्निया सोडून इंडियानात राहायला गेले. १९९२ च्या अखेरीस, पेटीच्या अखेरच्या शर्यतीत, त्याने कप मालिकेत पदार्पण केले आणि पुढे चार विजेतेपदे मिळवली. टोनी स्टुअर्टने १९९५ साली मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राउन (स्प्रिंट कारहून मोठ्या उघड्या गाड्यांची मालिका) ही तीनही राष्ट्रीय विजेतेपदे एकाच वर्षात जिंकली आणि नंतर २००२, २००५ व २०११ साली तो कप विजेता झाला. एल्डोराचा ट्रॅक त्याने विकतच घेतला, पण मातीची ही ओढ त्याला महागातही पडली: ऑगस्ट २०१३ मध्ये आयोवात स्प्रिंट कारच्या अपघातात त्याचा पाय मोडला आणि उरलेला कप हंगाम हातचा गेला. मोठे संघ आपल्या चालकांना मातीवर जाऊ देताना का कचरतात, हे यावरून कळते.

या दोघांवरून माती हीच स्टॉक कारची शाळा आहे असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो मला घाईचा वाटतो. स्टीव्ह किन्झर हा स्प्रिंट कारचा सार्वकालिक राजा मानला जातो: वर्ल्ड ऑफ आउटलॉज मालिकेची वीस विजेतेपदे आणि नॉक्सव्हिल नॅशनल्स ही प्रतिष्ठेची शर्यत बारा वेळा. तो १९९५ साली, चाळिशी ओलांडल्यावर, कप मालिकेत आला आणि पाच शर्यतींनंतर संघापासून वेगळा झाला. मातीवर परतल्यावर त्याने आणखी विजेतेपदे मिळवली. त्याची गुणवत्ता काही महिन्यांत आटली होती असे कोणी म्हणणार नाही. जड गाडी, लांब शर्यत आणि संघाशी बोलत बोलत गाडी सुधारण्याची सवय या गोष्टी विशीत अंगवळणी पडतात तशा चाळिशीनंतर पडत नाहीत, असे मला वाटते.

काइल लार्सनचे उदाहरण मात्र दोन्ही पारड्यांत बसते. एका ऑनलाइन शर्यतीत वांशिक अपशब्द वापरल्याने २०२० साली नॅसकारने त्याला निलंबित केले आणि संघाने काढून टाकले. ते वर्ष त्याने मातीवर घालवले आणि चाळीसहून अधिक शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षी नव्या संघाकडून त्याने दहा कप शर्यती आणि विजेतेपद जिंकले, शिवाय त्याच वर्षी नॉक्सव्हिल नॅशनल्सही. त्याने विजेतेपद पुन्हा मिळवले ते २०२५ साली.

दोन्ही व्यवसाय एकाच जागी आणण्याचा प्रयोग नॅसकारने २०२१ ते २०२३ या काळात केला. टेनेसीतील ब्रिस्टलच्या अर्ध्या मैलाच्या काँक्रीट ट्रॅकवर माती पसरून कप गाड्या धावल्या. पहिल्या वर्षी मातीवर वाढलेले लार्सन आणि क्रिस्टोफर बेल एकाच अपघातात सापडले आणि जिंकला तो डांबरावर घडलेला जोई लोगानो. दुसऱ्या वर्षी शेवटच्या वळणात चेस ब्रिस्कोने टायलर रेडिकवर ‘स्लाइड जॉब’ टाकला. आतल्या बाजूने जास्त वेगाने घुसून, घसरत घसरत पुढच्याच्या नाकासमोर जायचे, हा स्प्रिंट कारमधला रोजचा डाव आहे. दुपटीहून जड गाडी मात्र वेळेत थांबली नाही, दोघांच्याही गाड्या गिरकी खाऊन फिरल्या आणि मागून आलेला काइल बुश जिंकला. तिसऱ्या वर्षी बेल जिंकला. २०२४ साली ब्रिस्टलला पुन्हा काँक्रीटवरच शर्यत झाली.